विजेला न घाबरणारा माणूस

डॉ. किसन बाळाराम मढवी विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, विभागप्रमुख होते, अर्थिंगवर त्यांनी लिहिलेली पुस्तकं दुसऱ्या कॉलेजांतही लागलेली होती, आणि त्यांना विजेची भीती वाटायची.

ओल्या हातानं आपण बटणाला हात लावत नाही, तसली ही भीती नव्हती. ती शहाणपणाची झाली. मढवी सरांची भीती अंगात बसलेली होती. मिक्सर सुरू असला की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे. गीझर बंद करून, बोर्डावरचं बटण बंद करून बायकोनं, मीनाताईंनी, तसं मोठ्यानं सांगितल्याशिवाय ते आंघोळीला जायचे नाहीत, आणि आत गेल्यावर कडी लावता लावता परत विचारायचे, "बंद केलास ना नक्की?" घरातले बल्ब बदलायचं काम लग्न झाल्यापासून मीनाताईंकडे होतं. कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचा पंखा बंद पडला की लोक हमखास सरांकडे यायचे. सर गंभीर चेहरा करून म्हणायचे, "मी हाय व्होल्टेजचा माणूस. हे घरगुती माझं क्षेत्र नाही." लोकांना ते पटायचं. हृदयाचा डॉक्टर सर्दीचं औषध देत नाही, तसंच काहीतरी असणार.

या भीतीचा जन्म सरांच्या मूळ गावी, बोनकोड्यात झाला होता. गावाभोवती इमारती नव्हत्या, भातशेती होती, पलीकडे खाडी होती आणि गावात वीज नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. गावदेवीच्या जत्रेला लोखंडी खांबांना रंगीत बल्बच्या माळा गुंडाळल्या होत्या. तळ्यातून पोहून आलेल्या लहानग्या किसननं गंमत म्हणून त्यातला एक खांब धरला. पुढचं त्याला आठवत होतं ते एवढंच, की आपण चिखलात पडलोय आणि आपल्या हातातून कुणीतरी करवत चालवतंय. आईनं, पुतळाबाईनं, भगत बोलावला. भगतानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला. ताप उतरला. बाकीचं काही लिंबाला उतरवता आलं नाही.

असा माणूस विजेच्याच शिक्षणाला गेला कसा, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. नवं शहर वसवायला घरची जमीन गेली, त्या बदल्यात प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून इंजिनिअरिंगची जागा मिळाली, आणि ती इलेक्ट्रिकलची होती. किसननं घरी येऊन नको म्हणून पाहिलं. वडील बाळाराम खाडीवरून जाळं घेऊन नुकतेच आले होते. ते म्हणाले, "लाईटीचा हाय? मंग चांगलाच हाय की. गावान येकाला तरी लाईट कलली पायजे." एवढं बोलून ते मासळी निवडायला बसले. झाली किसनच्या आयुष्याची दिशा पक्की.

कॉलेजात प्रॅक्टिकल गटागटानं असायची. किसन नेहमी रीडिंग लिहून घ्यायचा, तारा दुसरे जोडायचे. अक्षर सुंदर असल्यामुळे कुणाची हरकत नसायची. पहिल्या वर्गात पास होऊन तो तळोज्याच्या एका कारखान्यात लागला. तिथे आल्या आल्या साहेबांनी त्याला विजेच्या चालू पॅनेलसमोर उभं केलं आणि म्हणाले, "उघड." किसननं उघडलं नाही. दुपारी जेवायला म्हणून तो बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. त्याच सुमारास नवी मुंबईत खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. किसन लेक्चरर झाला. पहिल्या दिवशी फळ्यावर सर्किट काढताना त्याला जो शोध लागला त्यावर त्यानं पुढची सगळी वर्षं काढली: खडूतून करंट येत नाही.

शिकवायचे मात्र उत्तम. घाबरलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीतला धोका आधी दिसतो, त्यामुळे सरांच्या तासाला पोरांना पुस्तकातली वीज जिवंत वाटायची. पीएचडीला त्यांनी आपल्याच काळजातला विषय घेतला. जमिनीत करंट उतरलेला असताना तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत किती जोराचा धक्का बसेल, आणि तो बसू नये म्हणून काय करावं. तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक चकित झाले. म्हणाले, "इतका बारीक विचार तुम्हाला सुचला कसा?" खरं उत्तर सरांच्या ओठावर आलं होतं. पण मीनाताईंनी बाहेर पेढे आणून ठेवले होते. ते म्हणाले, "आवड आहे, सर."

प्रयोगशाळेची अडचण गोटीराम घरतनं सोडवली. गोटीराम नावडे गावचा, प्रयोगशाळेचा सहायक. पहिल्याच आठवड्यात त्यानं नव्या सरांचा हात स्विचजवळ जाऊन थांबलेला पाहिला आणि काही न विचारता म्हणाला, "सर, तुमी दाराशी रावा. मी दाबतो." तेव्हापासून सर दाराशी उभे राहायचे, रबरी सोलचे बूट घालून, उजवा हात खिशात घालून. हात थरथरतो म्हणून तो खिशात असायचा. पण एक हात खिशात ठेवला की करंट या हातातून त्या हातात छातीवाटे जाऊ शकत नाही, हेही खरंच आहे. कुण्या हुशार पोरानं ते वाचलं आणि वर्गात सांगितलं. पुढे कॉलेजातली इलेक्ट्रिकलची सगळी पोरं एक हात खिशात घालून फिरू लागली.

अशी ही कारकीर्द विभागप्रमुखपदापर्यंत येऊन पोचली होती. आणि कॉलेजचा रौप्यमहोत्सव आला.

प्राचार्य सामंतांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. समोर निशांत बसला होता. निशांत हा विभागातला सगळ्यांत तरुण प्राध्यापक, हुशार, उत्साही आणि सरांचाच विद्यार्थी.

"मढवी सर, इलेक्ट्रिकलच्या जागा रिकाम्या राहतात, तुम्ही बघताय," सामंत म्हणाले. "पोरांना कॉम्प्युटर पाहिजे. आपल्या ब्रँचला ग्लॅमरच नाही. पण या निशांतनं काय केलंय माहितीय?"

निशांतनं पोरांच्या मदतीनं टेस्ला कॉइल बनवली होती. कृत्रिम वीज पाडणारं ते यंत्र माणसाहून उंच होतं, आणि त्याच्या डोक्यावरून निळ्या-जांभळ्या ठिणग्यांच्या फांद्या फुटायच्या.

"रौप्यमहोत्सवाला मंत्री येताहेत," सामंत पुढे म्हणाले. "स्टेजवर लोखंडी जाळीचा पिंजरा ठेवायचा. आत खुर्ची. खुर्चीवर तुम्ही. पिंजऱ्यावर वीज पडतेय आणि तुम्ही आत बसून निवांत चहा पिताय! काय फोटो येईल, सर!"

सरांनी वाट काढून पाहिली. "एखाद्या विद्यार्थ्याला..."

"छे! विद्यार्थ्याला बसवलं तर पालक ओरडतील. आणि तुमच्याशिवाय कोण? सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत," निशांत डोळे चमकवत म्हणाला. "पिंजऱ्यात बसलेल्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. वीज बाहेरच्या बाहेर जाळीतून जमिनीत जाते."

हे त्यांनी शिकवलं होतं खरं. दर वर्षी शिकवलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्नही काढले होते. त्यांचा त्या सिद्धांतावर पूर्ण विश्वास होता, फक्त त्या विश्वासावर स्वतः बसायची वेळ कधी आली नव्हती.

"बघू," सर म्हणाले. सामंतांनी ते 'हो' म्हणून लिहून घेतलं.

चार दिवसांत बोनकोड्याच्या कमानीवर फ्लेक्स लागला. तो सरांच्या पुतण्यानं, सूरजनं लावला होता. सूरजला माणसावरचं प्रेम फ्लेक्सशिवाय दाखवता येत नसे. फ्लेक्सवर सरांचा फोटो होता, त्यावर कॉम्प्युटरवरून काळा गॉगल चढवला होता आणि मागे कडाडणारी वीज होती. 'बोनकोडे गावचा अभिमान! विजेला न घाबरणारा माणूस!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात स्वतः सूरज सगळ्यांत मोठा.

मीनाताईंनी रिक्षातून जाताना तो पाहिला आणि घरी येऊन हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं उभ्या राहिल्या.

"अहो, सांगून टाका ना प्राचार्यांना. मला नाही जमायचं म्हणा."

"काय सांगू? इतकी वर्षं इलेक्ट्रिकल शिकवतोय आणि विजेला घाबरतो, असं? आचाऱ्यानं चुलीला घाबरतो म्हणण्यासारखं झालं ते."

"मग बसणार आहात का पिंजऱ्यात?"

सरांनी आपलंच पुस्तक काढलं, पिंजऱ्यावरचं प्रकरण उघडलं आणि लेखकावर विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करत बसले.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी रंगीत तालीम होती. मैदानावर लोखंडी सांगाड्याचं स्टेज उभं होतं. त्यापुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मग विद्यार्थ्यांना अडवायला लोखंडी कठडे. मंत्री येणार म्हणून मैदानाच्या कडेला नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. पिंजरा कळंबोलीहून बनवून आणलेला, चांगला भक्कम, चंदेरी रंग दिलेला. आत मखमली खुर्ची आणि तिपाईवर कपबशी.

सर पिंजऱ्याजवळ गेले. दाराची कडी धरायला हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. समोर सामंत मोबाइल धरून शूटिंगला तयार, निशांत कंट्रोलशी, पोरं शिट्ट्या वाजवताहेत. मागे फिरायला कारण हवं होतं, आणि या बाबतीतलं जे पहिलं वाक्य सरांच्या जिभेवर नेहमी तयार असे तेच बाहेर पडलं.

"अर्थिंग तपासल्याशिवाय मी आत बसणार नाही."

"सर, मी स्वतः तपासलंय," निशांत दुखावल्यासारखा म्हणाला. "गेल्या आठवड्यात मीटर लावून बघितलं. एकदम ओके होतं."

"पुन्हा तपासा."

"मढवी सर, टाइम नाहीये आपल्याकडे," सामंत म्हणाले.

"मग मी बसत नाही," सर म्हणाले. आवाज कापरा होता. दुरून तो संतापानं कापतोय असं वाटलं. इतक्या वर्षांत सरांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, त्यामुळे सामंतांनीही मोबाइल खाली घेतला.

सरांना फक्त थोडा वेळ हवा होता. तेवढ्यात चक्कर आल्याचं सांगता येईल, किंवा पोट धरून घरी जाता येईल, असा त्यांचा विचार चालला होता. गोटीराम मीटर घेऊन स्टेजच्या मागे गेला. खुंट्या ठोकल्या, तारा लावल्या. मग त्यानं मीटर हलवून पाहिला, परत लावला, आणि पहार मागवली. नव्या पेव्हर ब्लॉकमधले दोन उचकटून त्यानं माती बाजूला केली.

"सर, हिकरं या जरा."

पिंजऱ्याला आणि स्टेजला जोडलेली तांब्याची पट्टी ब्लॉकच्या खाली गेली होती आणि तिथेच तुटकी पडली होती. फरशी बसवणाऱ्या माणसाला ती आडवी आली असणार. त्यानं ती कापली, वर माती लोटली, त्यावर सुंदर लाल-पिवळी नक्षी बसवली. पिंजऱ्यावर पडणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती.

निशांतचा चेहरा पांढरा पडला. सर स्टेजच्या पायरीवर मटकन बसले. पोरांना वाटलं, जबाबदारीच्या ताणानं. खरं म्हणजे ते मनात हिशोब करत होते, आणि तो हिशोब फार विचित्र निघत होता. पट्टी तुटलेली असली तरी पिंजऱ्याच्या आतल्या माणसाला काही झालं नसतं. जाळी तिचं काम करणारच. विजेनं दुसरी वाट शोधली असती: स्टेजचा सांगाडा, पहिल्या रांगेतल्या लोखंडी खुर्च्या, कठड्याला टेकलेली पोरं. त्या सगळ्या मैदानात सुरक्षित अशी एकच जागा होती, आणि नेमकी तीच जागा टाळायला ते धडपडत होते.

दुसऱ्या दिवशी टेस्ला कॉइल सुरू झालीच नाही. सामंतांनी कार्यक्रमाला ऐन वेळी वेगळं वळण दिलं. मंत्र्यांनी मढवी सरांना शाल पांघरली, नारळ दिला आणि माइक धरून म्हणाले, "पिंजऱ्यात कोणीपण बसेल. पण साऱ्या जगासमोर 'थांबा' म्हणायला जी हिंमत लागते ना, ती या भूमिपुत्राकडे आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सूरज खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. सरांना वाटत होतं, बाजूला दुसरा कुणीतरी उभा आहे आणि हे त्याच्याबद्दल चाललंय.

कार्यक्रम संपल्यावर निशांत त्यांच्या खोलीत आला. खुर्चीत न बसता तसाच उभा राहिला.

"सर, माझ्या हातून काय झालं असतं या विचारानं मला जेवण जात नाहीये. एकच सांगा. तुम्ही ओळखलंत कसं? पट्टी तर दिसतच नव्हती. आवाजावरून? जमिनीवरून?"

पोरगा खरोखर शिकायला आला होता. सरांनी दार लोटून घेतलं. काही अद्भुत सांगितलं तर हा जन्मभर ते शोधत बसेल, हे त्यांना दिसत होतं.

"निशांत, मला काही कळलं नव्हतं. मी घाबरलो होतो. मला विजेची भीती वाटते. लहानपणापासून. आत बसायचं टाळायला मी तोंडाला आलं ते बोललो."

निशांतचे डोळे भरून आले. तो वाकून त्यांच्या पाया पडला.

"सर, माझी चूक लपवायला तुम्ही स्वतःला लहान करताय. एवढं मोठं मन मी कुठं बघितलं नाही."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"कळलं मला, सर," निशांत म्हणाला, आणि डोळे पुसत निघून गेला. आठवडाभरात प्रयोगशाळेच्या दारावर सुबक अक्षरांत पाटी लागली: 'घाबरतो तोच तपासतो. – डॉ. कि. बा. मढवी'. आयुष्यात एकदाच कबूल केलेल्या खऱ्या गोष्टीचं सुभाषित झालेलं पाहून सरांनी ते पुन्हा एकदा वाचलं. गोटीराम बाजूला फडक्यानं पाटी पुसत होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

या सगळ्याचं फळ म्हणून सरांना कारखान्यांच्या विद्युत सुरक्षेच्या समितीवर नेमलं गेलं. आता मात्र खडू हाती धरून भागणार नव्हतं. खऱ्या भट्ट्या, खरी पॅनेलं, खऱ्या जाड जाड केबली. सरांनी त्यावरही तोड काढली. गेटशी गाडी थांबली की ते म्हणायचे, "आधी सगळं बंद करा. मग मी आत येतो." मालकांचा जळफळाट व्हायचा. मढवी साहेब म्हणजे फार कडक माणूस, असं तळोजा ते कळंबोली पसरलं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका शेडची तपासणी होती. गेटवर मॅनेजरनं "बंद केलंय सगळं, साहेब," असं सांगितलं म्हणून सर आत गेले. त्यानं खोटं सांगितलं होतं. आत पाइप फुटून जमिनीवर पाणी पसरलं होतं, आणि वेल्डिंगच्या केबलचा उघडा जोड त्या पाण्याच्या काठाशी पडला होता. पलीकडून एक वेल्डर, पायात साधी चप्पल, खांद्यावर लोखंडी चौकट घेऊन सरळ त्या पाण्याकडे चालला होता. वेल्डिंगच्या मशिनची घरघर सुरू होती, त्यात हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं.

नंतर सरांना फक्त एवढं आठवलं, की भिंतीवर मेन स्विचचा काळा दांडा होता आणि तो त्यांच्या दोन्ही हातांत होता. दोन्ही. खट् करून आवाज झाला. दिवे गेले, मशिन थांबलं, वर क्रेनला टांगलेला लोखंडाचा गठ्ठा अधांतरी राहिला. अंधारात वेल्डर पाण्यात पाय टाकून शांतपणे पलीकडे गेला आणि म्हणाला, "काय झाला? लाईट गेली काय?"

कुणालाच काही झालं नाही. काहीच झालं नाही म्हटल्यावर काय होणार होतं, ते कुणाला दाखवता येईना. मालक मात्र भडकला. समितीच्या सदस्यानं विनाकारण काम बंद पाडलं, माल अडकवला, अशी त्यानं वरपर्यंत तक्रार केली. सामंतांचा फोन आला. "सर, असं कसं केलंत? तुमच्यासारख्या संयमी माणसानं? जरा विचारून करायचं ना. आता तुम्हाला समितीवरून काढताहेत. कॉलेजची केवढी नाचक्की!"

"हो, चुकलंच," सर म्हणाले, आणि फोन ठेवताना ते गालातल्या गालात हसत होते.

संध्याकाळी ते मीनाताईंना घेऊन बोनकोड्याला आईकडे गेले. पुतळाबाई पडवीत सुकट निवडत बसली होती. सर तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि इतक्या वर्षांत कुणाला काही सांगितलं नसेल अशा उत्साहानं सगळं सांगू लागले: पाणी, केबल, चप्पल, काळा दांडा, दोन्ही हात. सांगताना त्यांनी हात वर करून दाखवले. मीनाताईंचे डोळे ओले झाले होते.

म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. सुकटातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"येवरा शिकलास, डाक्टर झालास," ती म्हणाली, "आन् बटन बंद केलास त्याचा कवतिक सांगतंस व्हय रं?"

"हां, आये," सर म्हणाले. "सांगतो."